चौकातला उजेड : अवताराच्या अंगावर पिळदार छटा रंगवताना

माझी पहिली स्किन, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अवताराला चढवायची रंगवलेली कातडी, बघून मावसभावानं विचारलं होतं, "हा काय कोळशाच्या वखारीत कामाला आहे का रे?" महिनाभर रात्री जागून मी छाती, दंड, पोटाच्या वड्या असं सगळं काळ्या रंगानं कोरून काढलं होतं. जिम्प या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पांढऱ्या पाटीवर, ते भारदस्त वाटायचं. सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात अवताराच्या, म्हणजे तिथं वावरणाऱ्या आपल्या बाहुल्याच्या, अंगावर चढवलं, भर दुपारच्या उजेडात उभं केलं, आणि गडी असा दिसला की कुणीतरी सायकलची चेन बसवून झाल्यावर हात त्याच्याच अंगाला पुसलेत.

त्यानंतर बऱ्याच स्किन रंगवल्या, थोड्या विकल्याही. हे सगळं बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी बसून. नव्यानं सुरुवात करणारे मला जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहितो आहे. लेयर म्हणजे काय आणि ब्रशची ओपॅसिटी कुठं बदलतात एवढं येत असेल तर पुढचं जमेल. जिम्प आणि क्रिता दोन्ही फुकट आहेत. फोटोशॉप असेल तर तेही चालेल. पेन टॅब्लेट मात्र घ्याच, अगदी लहानातला लहान चालतो. माउसनं मऊ छटा ओढणं म्हणजे हातमोजे घालून रांगोळी काढणं.

आधी कापड बघा

स्किन म्हणजे अवताराला चढवलेलं एक घट्ट कापड. ते तीन तुकड्यांत येतं: डोकं, कमरेच्या वरचं अंग आणि कमरेच्या खालचं अंग. प्रत्येक तुकडा म्हणजे एक चौरस चित्र. सेकंड लाइफ २००३ मध्ये सुरू झालं, आणि पुढची बरीच वर्षं अंगावर दिसणारं हे चित्र ५१२ बाय ५१२ पिक्सेलचंच असायचं. २०१९ मध्ये बेक्स ऑन मेश ही सोय आली तेव्हा ते १०२४ बाय १०२४ झालं आणि तीच स्किन मेश बॉडीवरही (मूळ अवतारावर वेगळं चढवलेलं त्रिमितीय शरीर) दिसायला लागली. म्हणून तुम्ही सुरुवातीलाच १०२४ वर काम करा. हवं तर रंगवताना २०४८ घ्या आणि शेवटी लहान करा.

शिंप्याकडे जसा कागदाचा बेत असतो तसा इथं यूव्ही टेम्पलेट असतो. छातीचा भाग कुठं, पाठीचा कुठं, हात कुठं हे त्यावर रेघांनी दाखवलेलं असतं. तो सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवा, ओपॅसिटी वीस टक्के करा आणि लेयरला कुलूप लावा. नाहीतर एक दिवस त्याच्यावरच रंगवून बसाल. माझं झालं आहे.

टेम्पलेटकडे बघताना तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करून घ्या, कारण छटांचे निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात.

पहिली, जुन्या मूळ अवताराचे दोन्ही हात एकाच जागेवरून रंग घेतात. उजव्या दंडावर जे काढाल ते आरशातल्यासारखं डाव्यावर उमटतं. दुसरी, हे शरीर हात आडवे पसरून उभं असलेलं आहे. प्रत्यक्षात अवतार हात खाली सोडून चालतो, नाचतो, खुर्चीत बसतो. काखेत आणि खांद्यावर कापड चुरगळतं, ताणतं. तिथं खोल सावली काढलीत की हात खाली येताच ती भलतीकडे सरकते. तिसरी गोष्ट, चेहऱ्याला एक पूर्ण चौरस मिळतो, आणि छाती, पाठ, पोट, हात अशा सगळ्या पसाऱ्यालाही तेवढाच. म्हणजे अंगावर बारीक शिरा, केसाएवढ्या रेघा काढण्यात अर्थ नाही. त्या जवळून धूसर दिसतात आणि लांबून मळ.

उजेड एकदाच ठरवा

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

माझ्या आजोळच्या वाड्यात मधोमध चौक होता. सकाळी साडेनऊच्या सुमाराला, ऊन अजून भिंतीच्या वरच्या कडेलाच असताना, तिथं पाटावर बसून कुणी दाढी करत असेल तर त्याच्या अंगावरचा उजेड आठवा. सरळ ऊन नाही. वरून, उघड्या आभाळातून, चहूबाजूंनी सारखा झिरपलेला उजेड. कपाळ, नाकाचा दांडा, खांदे आणि छातीचा वरचा उतार उजळलेला. भुवईखाली, हनुवटीखाली, छातीच्या खालच्या काठाला, फासळ्यांच्या कमानीखाली मऊ सावली. डावी-उजवी बाजू सारखीच.

स्किनवर रंगवायचा तो हा चौकातला उजेड. खिडकीतला उजेड रंगवायचा नाही.

खिडकीच्या उजेडाचा मोह फार होतो, कारण चित्रात तोच देखणा दिसतो. अर्धं अंग उजेडात, अर्धं अंधारात. पण अवतार वळतो, आणि त्या जगातला सूर्यही आपल्या जागी थांबत नाही. सूर्य डावीकडून आला आणि तुम्ही रंगवलेली सावलीही डावीकडेच असली की अंगावर डाग असल्यासारखं दिसतं. त्यात दोन्ही हात आरशातले, म्हणजे एका हाताला सूर्य पूर्वेकडून, दुसऱ्याला पश्चिमेकडून! आभाळाचा उजेड मात्र अवतार कुठंही वळला तरी वरूनच येतो.

शिवाय व्ह्यूअर, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमधून ते जग बघतो तो, स्वतःच उजेड आणि सावली टाकत असतो. तुमच्या छटा त्याच्यावर आणखी चढतात. म्हणून कागदावर 'झकास' वाटतंय तिथून निम्म्यावर या. जिम्पमध्ये थोडं फिकं, अपुरं वाटलं पाहिजे. सुरुवातीला जीव धजत नाही, पण करा.

खरं अंग बघा

नवखे लोक इथं थेट बॉडीबिल्डरचे फोटो शोधतात. ते फोटो स्टेजच्या झगमगाटात, अंगाला तेल आणि रंग फासून, पाणी तोडून, श्वास रोखून काढलेले असतात. त्यावरून शिकलात तर तुमचा अवतार आयुष्यभर श्वास रोखूनच फिरेल.

बडोद्याला तालमींची कमी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर ही तालीम आणि तिथले प्रा. माणिकराव यांची नावं आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड आहे. गामा पहिलवानानं १९०२ मध्ये तो उचलला होता असं सांगतात. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही त्या दगडापाशी दंड फुगवून उभे राहायचो. तर तुमच्या गावात तालीम, मल्लखांबाचा वर्ग, पोहण्याचा तलाव जे असेल तिथं जा, विचारून फोटो काढा. भाऊ-भाचा तयार असेल तर घरीच, डोक्यावर ट्यूबलाइट येईल असा उभा करा आणि समोरून, बाजूनं, पाठीमागून फोटो घ्या. फ्लॅश बंद. फ्लॅश सगळ्या छटा खाऊन टाकतो.

आधी ठरवा की अंग कुणाचं आहे. कुस्तीगिराची मान आणि खांद्याचे उतार जाड, कंबर भरलेली, पोटावर वड्या नाहीतच. मल्लखांबाच्या पोराचं अंग सडसडीत, पण मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग आणि पाठीचा वरचा हिस्सा बघा, दोरखंडासारखा. जिमवाल्याची छाती आणि दंड पुढं, पोटऱ्या बहुतेक वेळा मागं राहिलेल्या. तिन्ही एकत्र केलेत तर दुकानातल्या पुतळ्यासारखं काहीतरी तयार होतं. बाजारात तशा स्किन भरपूर आहेत. आपण आणखी एक कशाला?

माझ्या ओळखीचे एक वस्तादकाका आहेत. सत्तरी उलटली आहे. दुसरी का तिसरी स्किन मी त्यांना लॅपटॉपवर दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, बराच वेळ बघितलं आणि दंडावर बोट ठेवलं.

"याने काय उचललंय?"

"काही नाही काका, नुसता उभा आहे."

"मग बेटकुळी कशाला काढून ठेवलीस? सोड की त्याला."

तेवढंच बोलले आणि आत चहा सांगायला गेले. पण त्या दिवशी माझा मोठा घोळ सुटला. अवतार दिवसातला बराचसा वेळ नुसता उभा असतो, हात सोडून. त्याच्या दंडावर ताठलेली बेटकुळी असली की सगळं अंग खोटं वाटतं. सैल सोडलेले स्नायू रंगवायचे. ते लांबट असतात, कडा मऊ असतात, आणि एकातून दुसऱ्यात कुठं शिरतात ते नीट सांगताही येत नाही.

रंग

काळा रंग पॅलेटमधून काढून टाका. खरंच, पुसून टाका, म्हणजे रात्री दोन वाजता हात तिकडं जाणार नाही.

कातडीतून उजेड थोडा आत शिरतो, आतल्या रक्ता-मांसातून फिरून बाहेर येतो. म्हणून सावली जिथं सुरू होते ती कड तांबूस दिसते. तळहात ट्यूबलाइटसमोर धरा आणि बोटांच्या कडा बघा, लगेच पटेल.

एक उदाहरण आकड्यांतच करू. समजा गव्हाळ रंगाची मूळ कातडी घेतली: लाल १९८, हिरवा १४६, निळा १०८. यावर मल्टिप्लाय मोडच्या (खालचा रंग गडद करणाऱ्या) लेयरवर काळा रंग वीस टक्के ओढला तर १५८, ११७, ८६ येतं. तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात बुडाले. तीच कातडी, नुसती विझलेली. डोळ्याला ती काजळी वाटते. आता काळ्याऐवजी विटकरी तपकिरी घ्या, लाल १६८, हिरवा ९८, निळा ७८, आणि तोही वीस टक्के. १८४, १२८, ९३ येतं. हिरवा आणि निळा जास्त उतरले, लाल टिकून राहिला. सावली पडली पण अंगात रक्त आहे. आणखी गडद हवी असेल तर याच रंगाचे दोन-तीन हात फिरवा. काळ्याकडे पळू नका.

लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सवड मिळाली की जा आणि चेहऱ्यांऐवजी मान, दंड, कोपर, पावलं बघत फिरा. मला तिथं सावल्यांमध्ये विटकरी आणि मातकट रंगच दिसले. गळ्याखाली कुठं जरा हिरवट झाक. तैलरंगांची ती युक्ती आपल्याला जशीच्या तशी चालते.

लेयर मी असे ठेवतो. तळाशी मूळ कातडीचा सपाट रंग. त्यावर रंगबदलाचा लेयर, अगदी हलका: कोपर, गुडघे, बोटांची पेरं, कान जरा तांबूस, जिथं कातडीखाली लगेच हाड आहे तिथं, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या, हसळीच्या हाडावर आणि नडगीवर, जरा पिवळट. त्यावर मल्टिप्लायचे दोन लेयर, एक मोठ्या सावल्यांचा आणि एक बारीक सावल्यांचा. त्यावर सॉफ्ट लाइटचा एक लेयर उजेडासाठी. यात पांढरा वापरू नका, फिकट पिवळसर घ्या. सगळ्यात वर कातडीचा बारीक दाणा, जेमतेम दिसेल इतका. प्रत्येक लेयरला नाव द्या. "लेयर १७ ची प्रत २" हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

ब्रश गोल, मऊ, कडकपणा शून्य, ओपॅसिटी दहा ते पंधरा टक्के. आकार तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट.

हात फिरवायचा क्रम

मोठ्याकडून लहानाकडे. स्नायूंची नावं अजून विसरा.

पहिल्या फेरीत अंग म्हणजे नुसते लाटणे आणि मडकी. दंड हे लाटणं, मांडी हे जाड लाटणं, बरगड्यांचा पिंजरा हे उभं मडकं. मोठ्या सावल्यांच्या लेयरवर प्रत्येकाच्या दोन्ही कडांना हलकी सावली, मधे मोकळं. हात पूर्ण फिरवल्यावर स्किन अवताराला चढवून बघा. इथंच अंगाला गोलाई आली पाहिजे. आली नसेल तर पुढं जाऊ नका; बारीक काम करून ही उणीव कधी भरून निघत नाही.

दुसऱ्या फेरीत मोठे स्नायू, तिसरीत त्यांच्या मधल्या खाचा. खाच म्हणजे रेघ नव्हे. तिची एक कड जरा ठळक, दुसरी विरघळलेली. बटाटेवड्याशेजारी बटाटेवडा ठेवला की दोघांच्या मधे जी सावली पडते ती बघा. जिथं टेकलेत तिथं गडद आणि वर येता येता नाहीशी.

आता एकेक भाग.

छाती. छातीचा स्नायू पंख्यासारखा आहे. छातीच्या मधल्या हाडापासून आणि हसळीपासून निघून बाहेरच्या बाजूला गोळा होत खांद्याच्या स्नायूखाली शिरतो. खालच्या काठाची सावली बाहेरच्या बाजूला गडद आणि मध्याकडे येताना पुसट. नवखे दोन्ही काठ सारख्या जाडीनं वळवतात आणि छातीवर दोन बशा चिकटवल्यासारख्या दिसतात. हसळीच्या हाडाच्या वरच्या कडेला उजेडाची एक हलकी ओढ द्या. खाली, बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात, छाती आणि खांदा जिथं भेटतात तिथं लहानसा खळगा.

पोट. इथं जरा थांबू, कारण सगळ्यांना पोटच हवं असतं आणि सगळ्यात जास्त तेच बिघडतं.

शेवउसळीच्या गाडीवर लादी पाव येतो ना, सारखे चौकोन, सरळ रांगेत? नव्वद टक्के लोक पोटावर लादी पाव काढतात. मीही काढला होता. खरं पोट तसं नसतं. मधोमध एक उभी पन्हळ असते. ती बेंबीच्या वर स्पष्ट आणि बेंबीखाली विरत जाते. आडव्या खाचा साधारण तीन. एक बेंबीच्या पातळीला, एक फासळ्यांच्या कमानीजवळ, एक या दोहोंच्या मधे. बेंबीखाली बहुधा काहीच नाही. तिथून खाली एक लांब, सपाट पट्टा. म्हणजे खाली चौकोन काढायचेच नाहीत. आणि डावीकडची खाच उजवीकडच्या खाचेसमोर बरोबर येईलच असं नाही. थोडी वर-खाली असते. हा एवढा तिरपेपणा आणलात की पोट जिवंत होतं. डावी बाजू रंगवून उजवीकडे जशीच्या तशी उलटवण्याची सवय असेल तर निदान पोटावर ती मोडा.

वड्यांच्या दोन्ही बाहेरच्या कडांना आणखी एक उभी मऊ सावली येते, तिथून कुशीचा स्नायू सुरू होतो. वर फासळ्यांची कमान, उलट्या 'व्ही'सारखी; श्वास घेतलेला नसताना ती जेमतेमच दिसते. काखेखाली बरगड्यांवर करवतीच्या दातांसारखे तीन-चार उंचवटे, कुशीच्या स्नायूत बोटांत बोटं घालावीत तसे अडकलेले. फार सडसडीत अंगावरच ते काढा. खाली खुब्याच्या हाडापासून जांघेकडे उतरणारी तिरपी घडी असते. ती वरच्या तुकड्यात की खालच्या, हे टेम्पलेटवर बघून घ्या, कारण कमरेची शिवण जवळच आहे.

पोटावरच्या सगळ्या आडव्या खाचांची ओपॅसिटी शेवटी आणखी तीस टक्क्यांनी कमी करा. करा म्हणजे करा.

पाठ. मानेच्या मागून दोन्ही खांद्यांकडे पसरून पुन्हा पाठीच्या मधे निमुळता होत उतरणारा स्नायू अगदी पतंगाच्या आकाराचा आहे. उत्तरायणाला गच्चीवर ज्यांचा जन्म गेला त्यांना तो शिकवावा लागत नाही. पतंगाच्या खालच्या दोन्ही बाजूंनी पाठीचे रुंद पंख, काखेपासून कमरेपर्यंत. मधे कण्याची पन्हळ. कमरेत ती सगळ्यात खोल, कारण दोन्ही बाजूंना दोन जाड दोर असतात. अगदी खाली, माकडहाडाच्या जरा वर, दोन लहान खळ्या. खांद्याचं पातं फक्त खालच्या आणि आतल्या कडेला दाखवा. बाकी पाठ मोकळी सोडा. तिथं लोक फार कोरकाम करतात आणि मग ती सुकलेल्या नदीसारखी दिसते.

हात. खांद्याचा स्नायू दंडाच्या बाहेरच्या बाजूला साधारण मध्यावर टोकदार होऊन संपतो. हे टोक नीट जमलं तर बाकी दंड आपोआप सावरतो. वस्तादकाकांचं लक्षात ठेवून बेटकुळी लांबट आणि सैल. कोपराच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला मनगटाकडे उतरणारा फुगवटा असतो. तो सहसा विसरला जातो आणि मग हात नळीसारखा दिसतो.

पाय. इथं दोनच नियम सांगतो. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूचा थेंबासारखा स्नायू बाहेरच्यापेक्षा खाली उतरलेला असतो. पोटरीतही आतला भाग बाहेरच्यापेक्षा खाली. हे दोन तिरपे जमले की पाय उभा राहतो. मांडीच्या पुढच्या भागाला फार छेडू नका. गुडघ्याची वाटी म्हणजे वाटी नाही. वर उजेड, खाली सावली, दोन्ही बाजूंना पुसट खळगे, बस.

शिवणी

मान आणि कंबर इथं दोन वेगवेगळी चित्रं भेटतात. एका बाजूला छटा एक घर गडद झाली की गळ्यात दोरी बांधल्यासारखी रेघ दिसते. शिवाय एकाच चित्रात पुढचं आणि मागचं अंग कुशीवर जुळतं, तिथंही तेच. तीन उपाय आहेत. शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात शक्य तितकं सपाट ठेवा. रंग शिवणीच्या बाहेरही आठ-दहा पिक्सेल वाहू द्या, कारण लांबून बघताना व्ह्यूअर चित्र लहान करतो आणि शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात. बाहेर पांढरं असेल तर पांढरी रेघ उमटते. आणि तिसरं, जमत असेल तर शरीराचं मॉडेल ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये उघडून शिवणीवरून थेट मॉडेलवरच ब्रश फिरवा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी रंग बसतो. ब्लेंडरही फुकट आहे, शिकायला मात्र दोन-चार रविवार जातात.

अंगावर चढवून बघणं

प्रत्येक वेळी अपलोड करू नका. १०२४ मापाचं एक टेक्स्चर (अंगावर लावायचं चित्र) चढवायला साधारण दहा लिंडन डॉलर, म्हणजे तिथलं चलन, जातात. रक्कम चिल्लर आहे, पण तीन तुकडे आणि चाळीस दुरुस्त्या असा हिशेब केला की बाराशे होतात. व्ह्यूअरमध्ये टेक्स्चर निवडण्याच्या खिडकीत 'लोकल' नावाची सोय आहे. तिथं तुमच्या कॉम्प्युटरवरची फाइल जोडा आणि नवीन स्किन बनवून डोकं, वरचं अंग, खालचं अंग या जागी लावा. जिम्पमधून त्याच फाइलवर पुन्हा एक्स्पोर्ट केलं की थोड्या वेळात अवताराच्या अंगावर ती बदलते. ती फक्त तुम्हालाच दिसते, म्हणून नि:संकोच घाण करा. ज्यांना घरच्या घरी सराव करायचा आहे त्यांना आपल्याच कॉम्प्युटरवर ओपनसिम, म्हणजे सेकंड लाइफसारखंच जग, चालवता येतं. तिथं मूळ अवतार याच मापाचा आहे.

आता तपासणी. पर्यावरणाच्या मेनूतून सूर्योदय, दुपार, सूर्यास्त, मध्यरात्र असे चारही उजेड लावून बघा. दुपारी चांगली आणि सूर्यास्ताला मळकट दिसणारी स्किन म्हणजे मोठ्या सावल्यांचा लेयर जड झालाय. शेपच्या खिडकीत जाऊन स्नायू आणि चरबीचे स्लायडर दोन्ही टोकांना ओढा. बारीक अंगावर बेतलेल्या पोटाच्या खाचा ढेरीवर रबरासारख्या ताणल्या जातात. गिऱ्हाईक कुठल्या आकाराचं असेल हे आपल्या हातात नाही. मग अवतारापासून कॅमेरा दहा मीटर लांब न्या. बाजारात, नाचाच्या ठिकाणी लोक एकमेकांना तेवढ्याच अंतरावरून बघतात. तिथून छाती आणि खांदे वाचता आले आणि पोट नुसतं सपाट, घट्ट वाटलं तर काम झालं. तिथूनही वड्या मोजता येत असतील तर खाचा परत तीस टक्के कमी.

पटलं की पीएनजी किंवा टीजीए म्हणून २४ बिटमध्ये ठेवा. पारदर्शक चॅनल चुकून राहिला तर अंगाला भोकं पडल्यासारखं दिसतं. लेयर असलेली मूळ फाइल वेगळी, दोन ठिकाणी. माझी एकदा हार्ड डिस्क बसली तेव्हा सात महिन्यांचं काम एका जुन्या पेन ड्राइव्हवर अर्धवट सापडलं, बाकी गेलं. दुसऱ्याच्या विकत घेतलेल्या स्किनवरून पोट किंवा पाठ उचलून आणू नका. लोक ओळखतात, आणि टेम्पलेट वापरतानाही त्याच्यासोबतच्या अटी वाचा.

सावळा आणि काळा रंग

एक स्किन झाली की तिचे पाच-सहा रंग करून विकायचे असतात, आणि इथं बहुतेक जण तळाचा रंग बदलून मोकळे होतात. गोऱ्या कातडीपर्यंत ते खपतं. सावळ्या आणि काळ्या कातडीवर मल्टिप्लायची तीच सावली चिखल होते, कारण तिला उतरायला खाली जागाच उरलेली नसते. गडद कातडीवर अंगाचा आकार डोळा सावलीपेक्षा उजेडावरून जास्त ओळखतो. तालमीत घामेजलेल्या सावळ्या पाठीकडे बघा: खांद्याची पाती, कमरेचे दोर, सगळं उजळ भागांनीच सांगितलेलं असतं.

म्हणून त्या रंगांसाठी मोठ्या सावल्यांचा लेयर निम्मा करा आणि सॉफ्ट लाइटचा लेयर नव्यानं रंगवा. रुंद, पसरट हातानं. छातीचा वरचा उतार, खांद्याचा माथा, मांडीचा पुढचा भाग. उजेडाचा रंग पिवळसरच राहू द्या, पण खूप गडद कातडीवर त्यात किंचित निळसर झाक घातली तर आभाळ अंगावर पडल्यासारखं दिसतं. सावलीचा विटकरीही बदला, जांभळट तपकिरीकडे न्या. तेलाची चकाकी मात्र या चित्रात रंगवू नका. ती अंग हललं की सरकली पाहिजे, आणि ते काम मेश बॉडीवर वेगळ्या लावायच्या चकाकीच्या नकाशाचं आहे. रंगवलेली चकाकी गोंदल्यासारखी जागीच बसून राहते.

गेल्या दिवाळीत सावळ्या रंगातली एक स्किन घेऊन मी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी अवतार बोटानं फिरवून चारी बाजूंनी बघितला. पाठ बघून नुसतं "हं" म्हणाले. मग पुढून बघितलं आणि विचारलं, "मान कुणाची लावलीस रे याला?" घरी येऊन बघितलं तर डोक्याच्या चित्रात सावलीचा रंग अजून जुना, विटकरीच राहिला होता.